उजव्या काळजाची फुशारकी

पुष्पाला वांझोटी म्हणणारी तोंडं माझ्याच लॅबमध्ये बंद पडली, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. डॉक्टरनं असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापा!

मी शीला. पुसदला माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. पुष्पा जवळच्याच एका तांड्यातली सून. बाजाराच्या दिवशी ती माझ्या पायरीवर बसून आरशांच्या भरतकामाच्या पिशव्या विकायची. कुणी फार घासाघीस केली की म्हणायची, "घेनं असन त घ्या, नाही त पुढं व्हा. उजेड अडवून राह्यले." पायरी माझी आणि रुबाब तिचा! पण मला ती पहिल्याच दिवशी आवडली. कारण मीही तशीच आहे, माझंही डोकं लवकर फिरतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासू धुरपताबाई तिला गावभर वांझोटी म्हणायची. पुष्पा मात्र सासूला त्यांच्या बोलीत 'याडी' म्हणायची, म्हणजे आई. त्यांच्या तांड्यात होळीला धुंड असते. वर्षभरात जन्मलेल्या लेकराचं साऱ्या तांड्यानं मिळून केलेलं कौतुक. बायका लेंगी म्हणतात, म्हणजे होळीची गाणी, आणि हातात काठ्या घेऊन पुरुषांना बदडतात. त्या दिवशी पुरुषानं मार हसत खायचा, राग धरायचा नाही. तर दर होळीला धुरपताबाई पुष्पाला घरात घालून बाहेरून कडी लावायची. लेकराला हिची नजर लागेल म्हणून. नवरा जीवन खोकत खोकत आईच्या मागं उभा राहायचा आणि कडीकडे बघायचासुद्धा नाही.

"आतून साऱ्या लेंग्या पाठ झाल्या मॅडम," पुष्पा मला म्हणाली होती. "एक दिवस मी म्हणीन, अन् ते ऐकतीन."

तांड्यातच असं चालतं म्हणून नाक मुरडू नका. आमच्या पेन्शनर गल्लीतही हेच चालतं, फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं गुपचूप गाळून.

दोन वर्षांपूर्वी मी पुष्पाच्या सगळ्या तपासण्या केल्या होत्या. तिच्यात काडीचीही खोट नव्हती. नवऱ्याला आण म्हटलं, तर सासूनं घर डोक्यावर घेतलं. माझ्या वाघाला तपासायचा? आणि मग तिनं जीवनचं दुसरं लग्न ठरवलं. कायदा काय म्हणतो ते कोण विचारतो! पुष्पाला माहेरी धाडायचं, वांझ म्हणून. उमरखेडकडच्या भावसिंगची पोरगी बघितली. पण भावसिंग पक्का निघाला. म्हणाला, "पोरगी देतो, पन पोरगं तपासून. अन् तुमच्या तांड्याच्या नायकासमोर."

झालं! धुरपताबाई स्वतःच सगळ्यांना घेऊन माझ्या दारात. ती, जीवन, नायक हरिसिंग आणि मागं पुष्पा. पुष्पा का, तर लेक धडधाकट निघाला की वांझ हीच, हे नायकानं डॉक्टरच्या तोंडून ऐकावं म्हणून; माझा जुना रिपोर्ट तिनं कधी मानलाच नव्हता. सापानं स्वतःच टोपलीत येऊन बसावं, तसं ते होतं.

"घ्या तपासून," धुरपताबाई खुर्चीत पसरून म्हणाली. "साधा मानूस नाही माहा लेक. त्याचं काळीज देवानं उजव्या अंगाले ठेवलं. लाखात एक असते असा! साऱ्या तांड्याले माहीत हाय."

तिची ही फुशारकी जुनीच होती. लग्नकार्यात, बसमध्ये, रेशनच्या रांगेत, जिथं तिथं ती लेकाचं उजवं काळीज मिरवायची. मी मात्र पहिल्यांदाच ऐकत होते. काळीज उजवीकडे, नाक जन्मापासून चोंदलेलं, खोकला बारमाही, आणि मूल नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आवाज शक्य तितका गोड करून मी विचारलं, "लहानपणापासून खोकतो का हो?"

"पोटातून खोकतच आला," ती कौतुकानं म्हणाली.

मी स्टेथोस्कोप लावला. ठोके खरंच उजवीकडे. मग जीवन मागच्या खोलीत जाऊन नमुना देऊन आला. थोडा वेळ थांबून मी थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत शुक्रजंतूंची तोबा गर्दी होती. पण एकाचीही शेपटी वळवळत नव्हती. मेलेत की काय म्हणून लाल रंग घातला. मेलेला जंतू रंग पितो. यांतल्या बहुतेकांनी रंग घेतला नाही. म्हणजे जिवंत होते, पण जागचे हलत नव्हते.

मी जीवनला विचारलं, "सगळ्यांसमोर सांगू, की तुला एकट्याला?" त्यानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांगा न सगळ्याइसमोर! आमाले काय लपवाचं हाय?" जीवननं मान हलवली. मला तेवढंच हवं होतं.

"नायक, तुम्ही बघा," मी म्हटलं. हरिसिंगनं पागोटं मागं सारून डोळा लावला.

"हलून राह्यलेत का?"

"नाही वं माय. सारे पडून हायेत."

"अन् हलनारे कसे असतेत?" मागून आवाज आला. पुष्पाचा. आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली होती.

खिडकीत मनीप्लँटची बाटली होती, पाणी हिरवं पडलेलं. त्यातला एक थेंब मी काचेवर घेतला. एकाच पेशीचे जीव त्यात नुसते सुसाट सुटले होते. चपलेच्या आकाराच्या एकाच्या सगळ्या अंगावर बारीक केस, आणि वाऱ्यानं गहू डोलावा तसे ते ओळीनं डोलत होते. दुसऱ्याला एकच लांब शेपूट, ती फिरवत तो स्वतःला ओढत पळत होता. नायक बघतच राहिला.

मग मी सांगितलं. मुद्दाम सावकाश सांगितलं, प्रत्येक शब्द धुरपताबाईकडे बघत. हे केस आणि ही शेपूट, दोन्हींची आतली बांधणी एकच. तसेच केस आपल्या नाकात आणि छातीत असतात, ते रात्रंदिवस कफ वर झाडतात. जीवनचे झाडत नाहीत, म्हणून तो खोकतो. आईच्या पोटात गोळा अगदी चिमुकला असताना असेच केस गरागरा फिरून आतलं पाणी एका बाजूला ढकलतात, आणि काळीज डावीकडे जायचं ते त्यावरून ठरतं. ते फिरले नाहीत, तर काळीज जिकडे पडेल तिकडे पडतं. जीवनचं उजवीकडे पडलं. आणि शुक्रजंतूची शेपूट ती हीच. देवाची कृपा नाही बाई, ही खोट आहे. नागपूरला पक्की तपासणी करून घ्या, पण माझा संशय हाच.

"खोट?" धुरपताबाई उठून उभी राहिली. "कोनाची खोट?"

"अर्धी बापाकडून येते, अर्धी आईकडून. दोघांनी दिली तरच होते. तुम्हाला कळतही नाही, तुम्ही धडधाकट असता."

पुष्पा पुढं आली, तिनं बाटलीतल्या पाण्याचा थेंब पाहिला, मग नवऱ्याचा थेंब पाहिला आणि सरळ झाली.

"याडी," ती म्हणाली, "सडक्या पान्यातल्या किड्याले जमते, ते तुमच्या वंशाले जमत नाही वं! अन् कडी मले लावत होत्या?"

जीवन खाली मान घालून खोकत होता. मला त्याची दया येते का? खोकल्याची येते. कडीची नाही येत.

भावसिंगनं दुसऱ्याच दिवशी पोरगी देत नाही म्हणून निरोप धाडला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझा संशय खरा ठरला. तिथल्या डॉक्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली. जंतू जिवंत आहेत. शेपूट हलत नसली तरी बारीक सुईनं त्यातला एक थेट बाईच्या अंड्यात सोडता येतो, मूल होऊ शकतं. पण बाईची तयारी हवी. आता दुसरी कोण पोरगी देणार होतं? धुरपताबाईची जीभ एका रात्रीत साखर झाली. पुष्पा माही लेक, पुष्पा माही लक्ष्मी!

पुष्पा हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. "होळी होऊ द्या," एवढंच म्हणायची.

होळीला तिनं मला तांड्यावर बोलावलं. मी गेले, चांगली पुढं जाऊन उभी राहिले. धुंडीच्या आधी पुष्पानं सासूचा हात धरून तिला घरात नेलं. धुरपताबाईला वाटलं, सून पाया पडणार. पुष्पा बाहेर आली आणि तिनं कडी लावली. सारा तांडा बघत होता. कुणीतरी कुजबुजलं. नायक हरिसिंग म्हणाला, "मी पाह्यलं हाय माह्या डोयानं. लावू द्या."

मग तिनं काठी घेतली. जीवनला असा बदडला म्हणता! आणि तो हसत मार खात होता, कारण त्या दिवशी राग धरायचा नसतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मारता मारता पुष्पानं लेंगी धरली, आतून ऐकून पाठ झालेलीच, पण शब्द तिचे स्वतःचे. उजव्या काळजाचा वाघ माहा, शेपूट हलवेना गं! बायका लोळून हसल्या. नायकाच्या सुनेनं आपलं तान्हं उचलून पुष्पाच्या मांडीवर ठेवलं, आणि सगळ्यांसमोर तिनं त्याच्या कपाळाला गुलाल लावला.

संध्याकाळी दाराच्या आतून हाक आली. "पुष्पा, वं पुष्पा, झालं न तुह्या मनासारखं? आता त जाशीन न नागपूरले?"

पुष्पा दाराजवळ गेली. लेकराला घेतलेल्या हातांना अजून गुलाल होता.

"जाईन न याडी," ती म्हणाली. "मले लेकरू पाह्यजेच हाय. पन त्याची धुंड होईन, त्या दिवशी तुम्ही इथंच बसजा. आतून ऐका."

कडी काढायला ती थांबली नाही. पोरांनी पुरणपोळीची परात आणली होती, ती वाढायला गेली.