चौकटीत वाकणाऱ्या मुली

दुर्गाघाटाच्या गल्लीत ती रोज सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून हिंडते. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची ती मुख्य कोच. केस त्यातच पांढरे झाले. नव्या खेळाडू ती आमच्या बुटक्या दारांवरून हेरते. जी मुलगी वाकून बाहेर पडते, तिच्या घरी ही चहाला हजर.

आमच्या नातीसाठीही आली. माझा मुलगा कुरकुरला, "आधीच एवढी उंच, त्यात खेळणार. लग्न कसं जमायचं?"

"पहले टीम तो बनने दीजिए," ती बशीत चहा ओतत म्हणाली.

मला हसू आलं. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा नऊवारीत गुडघे दुमडून उभी राहिलेली मी शहाणी. पुढे ह्यांच्याशेजारी जन्मभर तशीच चालले.

"उद्यापासून येईल ती," मी सांगून टाकलं. कोचला पोचवायला ताठ मानेनं निघाले आणि चौकटीवर कपाळ आपटलं.

ती मात्र कपाळाकडे नाही, माझ्या उंचीकडे बघत होती.