अकराचा पाना

हायड्रोजनची नळी पेटवताना आमचे तात्या एक हात पाठीमागे धरायचे. विजेच्या कामात दोन्ही हात पुढे न्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम. मग दिवे घालवून मुलांना लोलकातून तिच्याकडे बघायला लावायचे आणि म्हणायचे, "बगा, आधी लाल रेघ, मग निळी-हिरवी, मग जांभळी. आजून एक जांभळी दिसली, तर डोळं चांगलं हायत म्हणायचं."

तात्या पळसदेवचे, दहावी झालेले. इंदापूरच्या ज्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो, तिथे ते प्रयोगशाळेत परिचर होते. सुट्टीत गावातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. आकडेमोडीत माझी चूक होत नाही, असा माझा लौकिक होता. तो बराचसा मीच पसरवला होता.

एकदा प्रयोगशाळेतच बारावीचा तास घेत होतो. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनला पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. उदाहरणातला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, होता ११ चा. मी फळ्यावर सरळ वजाबाकी केली: इलेक्ट्रॉन वर चढेल, ०.८ उरतील.

मागे उपकरणं मांडत असलेले तात्या म्हणाले, "सर, ह्यो बसायचा न्हाय. धाच्या नटाला अकराचा पाना लावला तर नुसता फिरतोय. फोटॉन तसाच निगून जाईल की."

मुलं हसली. कोणाला हसली, ते मी पाहिलं नाही. म्हणालो, "तात्या, तुम्ही नळ्या पुसा. शिकवायला मी आहे."

"व्हय सर," म्हणून ते फडकं घेऊन बाहेर गेले. त्यानंतर माझ्या तासाला ते कधीही आत थांबले नाहीत.

घरी पुस्तक उघडलं. तात्यांचं बरोबर होतं. अशा उडीसाठी फोटॉन दोन पातळ्यांमधल्या फरकाएवढाच लागतो. नसेल तर अणू त्याला घेतच नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्ती केली, "काल घाईत चुकलं" म्हणालो. तात्यांचं नाव घेतलं नाही. ते दाराबाहेर स्टुलावर बसले होते, सगळं ऐकू जात होतं.

त्यांच्या निरोपाच्या भाषणात मी त्यांचा वक्तशीरपणा सांगितला. हे सांगितलं नाही.

गेल्या वर्षी तात्या गेले. पळसदेवला भेटायला गेलो. ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. त्यांच्या मुलीने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आमचं आबा तुमचं लई नाव काढायचं. म्हणायचं, आपली चूक दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडणारा असा सर मी दुसरा बगितला न्हाय. तुमची चूक तुमालाच घावली म्हणं?"

स्वतःचा भाग तात्यांनी घरातही सांगितला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी "हो" म्हणालो.