गेटबाहेरचा प्रेक्षक

मी बास्केटबॉल खेळले ते जवळजवळ पंचवीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी पगार घेऊन. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी खात्यात लागले, खात्याच्या संघाकडून देशभर हिंडले, आणि अगदी शेवटी व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा तिच्यातही पुण्याकडून खेळून घेतलं. सगळ्यात लक्षात राहिलेला सामना कुठला, असं लोक विचारतात. मला आठवावं लागत नाही. शेवटचा. हरलेला. सांगायला लागले की आजही मी खुर्चीतून उठते, हातवारे करते आणि हातातला चहा सांडते.

पण त्या सामन्यापर्यंत पोचायचं तर आधी आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. टीव्हीवर क्रिकेट चालू असताना आमच्याकडे कोणी जागा सोडायची नाही. आपली जोडी जमली असेल तर जो जिथे आहे तिथेच राहणार. एकदा आई हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी सहज डोकावली आणि त्याच चेंडूवर आपल्या फलंदाजाने षटकार मारला. झालं! बाबांनी तिला तिथून हलू दिलं नाही. आत आमटी उतू गेली, मग खाली लागली, आई दारातच उभी. "अहो, निदान गॅस तरी बंद करू द्या," ती म्हणाली. बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "आमटी उद्याही होईल."

बाबांची बिबवेवाडीत पिठाची गिरणी होती. दिवसभर त्या घरघराटात राहून त्यांची बोलण्याची सवय गेली होती आणि टोमण्याची तेवढी राहिली होती. मी आठवीत असताना आमच्या शाळेचा दुसऱ्या शाळेशी सामना होता. गिरणी थोडा वेळ बंद ठेवून ते पहिल्यांदाच मला बघायला आले. केसांवर, भुवयांवर पीठ तसंच. येऊन रिंगच्या खांबाशी उभे राहिले. आम्ही चांगल्या पुढे होतो. मी त्यांना बघून हात केला आणि त्याच धांदलीत पाय घसरून आपटले. मनगट मोडलं, सामनाही गेला. पुढच्या वेळी त्यांनी लांबून, झाडाआडून बघितलं. तेव्हा माझा रिंगखालचा, डोळे मिटूनही पडावा असा शॉट कडेवर फिरून बाहेर आला. दोनदा झालं म्हणजे आमच्या घरात पुरावा झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहिली नजर घरच्यांचीच लागते. बाबा म्हणाले, नजर नाही, माझा पायगुणच वाईट. पायगुण आपल्याकडे नव्या सुनांचा बघतात. आमच्याकडे तो बापाचा निघाला.

त्या दिवसापासून त्यांनी माझा एकही सामना बघितला नाही आणि पुण्यातला एकही चुकवला नाही. स्कूटरवरून मला सोडायचे, आईला आत पाठवायचे आणि स्वतः गेटबाहेर मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. मग ऐकायचे. चेंडू रिंगला लागून पडला तर टण्ण होतं, बोर्डाला लागून पडला तर धप्प, आणि कशालाही न शिवता पडला तर नुसती जाळी सळ्ळ करते. जात्याच्या आवाजावरून पीठ जाड येतंय की बारीक हे ओळखणाऱ्या माणसाला यात अवघड काही नव्हतं. अडचण एकच होती, बास्केट कोणाची ते आवाजावरून कळत नाही. घरी परतताना ते खुशीत म्हणायचे, शेवटी शेवटी तीन वेळा लागोपाठ सळ्ळ, झकास! मी सांगायचे की ते तिन्ही समोरच्यांचे होते. मग मार्केट यार्ड येईपर्यंत ते एकही खड्डा चुकवत नसत.

मी वाढत गेले, उंचीनेही आणि खेळानेही. जिल्हा, राज्य, मग खात्याची नोकरी. सकाळी सराव, दुपारी टेबलावर फायली, संध्याकाळी पुन्हा सराव. परगावी सामने असले की आई फोनवरून निकाल विचारायची, आणि आम्ही हरलो असलो तर बाबा विचारात पडायचे. इतक्या लांबून आपला पायगुण कसा पोचला? मग त्यांना आठवायचं की दळण टाकताना आपण मनात सामना रंगवून बघितला होता. तेवढंही त्यांना पुरायचं.

ऐन भरात असताना पुण्यातच माझा गुडघा गेला. उडीवरून खाली येताना पाय वळला. आतला काडकन झालेला आवाज फक्त मला आला. बाहेर बाबांना ऐकू आली ती शांतता. गजबजलेला हॉल एकदम गप्प झाला, आणि ते धावत दारापर्यंत आले. तिथे मात्र थबकले. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही टाकलं. तोंड फिरवून बाहेरूनच ओरडत राहिले, "उठली का? अहो, उठली का ती?" स्ट्रेचरवर मला ते ऐकू येत होतं. गुडघ्यापेक्षा जास्त मला त्यांचा राग आला होता. मी मोडून पडले आहे, आणि हा माणूस आत येत नाही!

ऑपरेशन झालं, वर्ष गेलं, मी परत उभी राहिले, परत खेळले. पण तो राग काही गेला नाही. आणि तेवढ्या वर्षांत गिरणीने हळूहळू बाबांचे कान खाल्ले. कानाचं मशीन आणलं, तर ते हरवेल म्हणून कपाटात ठेवलं. तरी सामना असला की गेटबाहेर हजर. ऐकू काही येत नसे. हॉलच्या भिंतीला तळवा लावून उभे राहायचे. लीगच्या सामन्यांत आत ढोल आणि डीजे असायचा, त्याची धडधड भिंतीतून हाताला लागायची. तेवढ्यावर ते समाधानी होते. मी नव्हते.

त्या हंगामानंतर थांबायचं मी जाहीर केलं होतं. गुडघाच आता परवानगी देत नव्हता. साखळीतला शेवटचा सामना पुण्यात होता. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर माझं सगळंच संपलं. आदल्या दिवशी मी वारज्यातल्या माझ्या घरून बिबवेवाडीला गेले, ती भांडायच्या तयारीनेच. बाबांना मशीन कानात घालायला लावलं आणि सांगितलं की उद्या आत येऊन बसायचं, कदाचित ही शेवटचीच वेळ असेल. ते म्हणाले, म्हणूनच येणार नाही, मी आलो तर ती शेवटचीच ठरेल. मी म्हटलं, "तुम्हाला आता बाहेरून ऐकूही येत नाही. मग तिथे उभं राहून करता काय?"

"राखण," ते म्हणाले.

मी दार आपटून निघाले.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. आणि काय सामना झाला! पहिल्या क्वार्टरमध्ये आम्ही मागे, दुसऱ्यात बरोबरीत, तिसऱ्यात पुन्हा मागे. समोरच्या संघातल्या पोरी माझ्याहून निम्म्या वयाच्या वाटत होत्या, आणि पळत होत्या अशा की त्यांना गुडघे नावाचा अवयवच नसावा. माझ्याकडे वेग उरला नव्हता, पण लबाडी भरपूर होती. एकीकडे बघायचं आणि पास दुसरीकडे द्यायचा, शॉटसाठी हात उचलायचा आणि मारायचा नाही. पोरी फसायच्या, हवेत उडायच्या आणि मी खालून निघून जायचे. प्रेक्षक वेडे झाले होते. मीही झाले होते. गुडघ्याचं दुखणं कुठे गेलं कोणास ठाऊक.

शेवटचे काही सेकंद उरले. आम्ही एका गुणाने मागे. मी रिंगकडे घुसले, मला धक्का बसला, शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो, म्हणजे समोर कोणी आडवं नाही, फक्त मी आणि रिंग. दोन्ही पडले तर आम्ही जिंकणार. मी रेषेवर उभी राहिले. आपला खेळाडू फ्री थ्रो मारत असला की घरचे प्रेक्षक आवाज करत नाहीत. एरवी तरी डीजे हळू चालूच असे; या वेळी ढोल थांबला, डीजेही थांबला, हॉल चिडीचूप झाला.

आणि बाहेर बाबांच्या तळव्याखालची भिंत थंड पडली.

त्यांनी ओळखलं ते एकच. अशी शांतता त्यांनी पूर्वी एकदा ऐकली होती. दारावरचा वॉचमन चंद्रपूरकडचा होता, त्याने मला नंतर सांगितलं, "मी पास मांगला, तर काकानं मले ढकललंच ना जी." ते दार नेमकं रिंगच्या मागे उघडत होतं. मी चेंडू उचलला, नजर वर केली, तर रिंगखाली धापा टाकत बाबा उभे! या वेळी ते उंबऱ्यावर थांबले नव्हते. चपला एकीकडे, चेहरा पांढराफटक, डोळे मला शोधत. मी दिसले. उभी, धडधाकट, हातात चेंडू. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी माझ्या हातातून चेंडू सुटला. टण्ण. बाहेर.

बाबांनी कपाळावर हात मारला आणि गर्रकन पाठ फिरवली. मी "बाबा, थांबा" म्हणून ओरडले, खेळाडूने भर सामन्यात रेषेवरून ओरडावं हे पंचांनाही नवीन असावं. पण ज्याला ओरडले त्याला ऐकू आलं नाही. पंचांनी दुसरा चेंडू दिला. बाबांची पाठ समोर ठेवून मी तो मारला आणि तो सळ्ळकन पडला. बरोबरी! हॉल फुटला. माझ्या मनात मात्र आधी आलं ते हेच, की आता हा माणूस जन्मात ऐकायचा नाही.

उरलेल्या सेकंदांत कोणाचीच बास्केट झाली नाही, सामना जादा वेळेत गेला; त्याआधी थोडी सुट्टी असते. आमचे प्रशिक्षक फळ्यावर बाण काढत होते. मी तिथून उठले. ते हाका मारत राहिले, मी गेले ती थेट दाराकडे, बाबांचं मनगट धरलं, आईशेजारच्या खुर्चीपर्यंत ओढत आणलं आणि बसवलं. मशीन कपाटात, त्यामुळे जे बोलायचं ते मला अर्ध्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलावं लागलं.

"इथे बसायचं. मला बघायचं."

"हरशील गं."

"हरले तर हरले. पण मला न बघता तुम्ही घरी जायचं नाही."

मी पाण्याचा घोट घेतला आणि मैदानात परतले. मी खरोखरच सामना पणाला लावला होता, कारण खरं सांगायचं तर त्या पायगुणावर माझाही थोडा विश्वास बसलेलाच होता. त्याच घरात वाढले ना मी.

मग ती पाच मिनिटं. माझ्या आयुष्यात मी तशी खेळले नव्हते. त्यांनी दोन गुण केले की आम्ही दोन करायचो. एकदा तर चेंडू रेषेबाहेर जात होता, मी हवेत झेपावून तो पाठीमागे भिरकावला आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन पडले. उठताना बाबांकडे नजर गेली. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून, तोंड उघडं टाकून बघत होते. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या माणसासारखे. आई त्यांच्या गुडघ्यावर चापटी मारत होती. मला हसू आलं, आणि मी हसत हसतच पळाले.

शेवटी पुन्हा एकच गुण कमी आणि चेंडू माझ्याकडे. एकीला चकवलं, दुसरी समोर आली, मी दुखऱ्या पायावर उडी घेतली आणि चेंडू सोडला. उंच गेला, निवांत गेला, आणि कशालाही न शिवता जाळीतून खाली आला. पण बझर आधी वाजला होता. चेंडू माझ्या बोटांत असतानाच. पंचांनी दोन्ही हात हलवून सांगितलं, बास्केट धरायची नाही. सामना गेला. हंगाम गेला. मी गेले. सगळा हॉल मटकन बसला.

एक माणूस सोडून. बाबा खुर्चीवर उभे राहिले होते आणि दोन्ही हात वर करून नाचत होते. बझर त्यांना ऐकूच आला नव्हता. त्यांनी फक्त चेंडू पडलेला बघितला होता. "पडला! बघितला मी!" ते शेजारच्या अनोळखी माणसाला हलवून हलवून सांगत होते. तो बिचारा त्यांच्याकडे बघत राहिला.

मी धावत तिथे पोचले तेव्हा आई त्यांच्या कानात ओरडून समजावत होती, की वेळ संपली होती, तो धरलेला नाही, आपण हरलो. बाबांनी ऐकून घेतलं. खाली उतरले. माझ्या घामेजलेल्या दंडाला हात लावला.

"त्यांनी नसेल धरला," ते म्हणाले. "मी धरला."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. हसत होते की रडत होते, आईला विचारायला हवं. बाबा मात्र अजून त्या चेंडूतच होते. चपला शोधता शोधता त्यांनी अगदी सहज विचारलं, "पुढची मॅच कधी?" आई माझ्याकडे बघायला लागली.

"रविवारी," मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

मग रविवारसाठी मॅच उभी करणं आलं. आमच्या वेळच्या मैत्रिणींना फोन केले. कोणी आजी व्हायच्या बेतात, कोणाची कंबर धरलेली, पण सगळ्या आल्या. बिबवेवाडीतल्या माझ्या शाळेच्या, जिथे मनगट मोडलं त्याच मैदानावर आता आम्ही दर रविवारी सकाळी खेळतो, धापा टाकतो आणि एकमेकींना नावं ठेवतो. पहिल्या रविवारी बाबा सवयीने गेटबाहेरच थांबले होते. आईने गिरणीतली प्लॅस्टिकची खुर्ची आणून रेषेला चिकटून मांडली आणि त्यांना आत आणून तिच्यात बसवलं. त्यांनी बूड टेकलं आणि माझा पहिलाच शॉट पडला. थोड्या वेळाने ते पाणी प्यायला उठायला लागले, तर आईने त्यांचा खांदा दाबून त्यांना परत खाली बसवलं.

"आता हलायचं नाही," ती म्हणाली. "पाणी उद्याही मिळेल."