नळीबरोबर पाठवलेला माणूस

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, भावापुढे नाही, देवळात हात जोडतानाही नाही — तिथे तर मी घाईघाईने नमस्कार करून बाहेर येतो, न जाणो, देवाने विषय काढला तर? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं जमेल असं वाटतंय. बघू. सुरुवात केल्यापासून मी दोनदा उठलोय, एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगाचच.

मी नौदलात होतो, इंजिन रूममध्ये. निवृत्तीनंतर वसई पूर्वेला फ्लॅट घेतला आणि सातिवलीच्या एका कारखान्यात आता मेंटेनन्स बघतो. सोसायटीत मला फौजी म्हणतात. स्वातंत्र्यदिनाला झेंडा माझ्या हातून फडकतो, लिफ्ट अडकली की माझ्या दारावर थाप पडते. आवाज मोठा आहे, मिशी भरघोस आहे. पण माणूस भित्रा आहे. आतून पार भित्रा. मिशी होती म्हणून निभावलं, नाहीतर पहिल्याच वर्षी कुणीतरी ओळखलं असतं.

लोकांना वाटतं, नौदलाची सगळी जहाजं कायम सज्ज उभी असतात. तसं कसं असेल? शेवटी ती यंत्रं आहेत. काही काळ समुद्रात राबायचं, मग थोडी दुरुस्ती, पुन्हा समुद्र, आणि मग एकदा मोठी दुरुस्ती — तिला रिफिट म्हणतात. रिफिटसाठी जहाज गोदीत लागलं की त्याचं पोट उघडतात. पंप निघतात, पाइप निघतात, आणि महिनोन्‌महिने ते जागचं हलत नाही. ज्या जहाजाची पाळी असते त्याला मात्र हुकूम आला की सुटावंच लागतं. त्याचा एखादा भाग बिघडला आणि स्टोअरमध्ये तो नसला तर काय करायचं? गोदीतल्या त्याच जातीच्या जहाजाचा काढायचा आणि याला लावायचा. माणसांचंही तेच. कुणी रजेवर, कुणी आजारी — मग गोदीतल्या जहाजावरचा एक माणूस उचलून त्या जहाजावर पाठवायचा. आम्ही खालची माणसं आपसात याला उसनवारी म्हणायचो.

उसन्या भागाची पुन्हा तपासणी करायची असते, नियम तसाच आहे. पण जहाज सुटायच्या बेतात असलं की आम्ही काढून देणाऱ्याच्या शब्दावर जायचो. त्याने 'तपासलाय' म्हटलं की विषय संपला. एकमेकांना ओळखणारी माणसं होतो आम्ही. माझ्या शब्दाला तर जरा जास्तच वजन होतं. चीफ होतो ना मी, म्हणजे खलाशांमधला वरिष्ठ.

आमचं जहाज रिफिटला होतं तेव्हा जनरेटरच्या डिझेलच्या नळ्या तपासायचं काम माझ्याकडे आलं. रबरी नळ्या, वरून तारेचं विणकाम. प्रत्येक नळीत दाब भरायचा, टोकं कोरडी राहतात का बघायचं. एक नळी कोरडी राहिना. पुसली की टोकाशी पुन्हा बोटाला ओल लागायची. थेंब नाही, धार नाही, नुसती ओल. बदलायलाच हवी होती. नवीन आली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी पाहणी होती, काम अपुरं दिसलं असतं, साहेब सगळ्यांसमोर बोलले असते. मी ती पुसून परत लावली आणि सगळ्या नळ्या ठीक आहेत असं सांगून टाकलं. जहाज कुठे जाणार होतं? नवी नळी आली की गुपचूप बदलू, असा माझा हिशेब. साहेबांच्या ओरडण्याला घाबरलो, दुसरं काही नाही. एवढ्या तेवढ्याला घाबरणारा माणूस इंजिन रूममध्ये कशाला जातो, असं तुम्ही विचाराल. मीही विचारतो.

आता इनासबद्दल सांगायला हवं. इथवर मी त्याचं नाव टाळत आलो.

इनास वसईच्या पाचूबंदरचा. ख्रिस्ती कोळ्याचा मुलगा, माझ्या हाताखाली काम शिकला आणि मग माझ्यापेक्षा चांगलं करू लागला. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. सुट्टीवरून येताना सुके बोंबील आणायचा आणि अख्खी मेस दोन दिवस नाक मुरडत तेच खायची. मला त्याने कधी नावाने हाक मारली नाही. चीफ म्हणायचा. अजूनही चीफच म्हणतो.

एका सकाळी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. आमच्यासारखंच एक जहाज दुपारी सुटायचं होतं आणि त्याच्या जनरेटरची एक नळी फुटली होती. स्टोअरमध्ये नव्हती. आपली काढून द्या, म्हणाले. कोणती हवी ते त्यांनी सांगितलं. तीच. तिथल्या तिथे सांगता आलं असतं — साहेब, ती बरी नाही. चार शब्द. फार तर शिव्या बसल्या असत्या, फार तर पाहणीत खोटं बोलल्याबद्दल शिक्षा. जहाज अडकलं असतं, वरपर्यंत गेलं असतं, कुणामुळे अडकलं ते विचारलं असतं. माझे ओठ हलले, एवढं आठवतं. बाहेर पडलं ते 'जी सर'.

हा पहिला भाग झाला. हा त्यातल्या त्यात सोपा. इतक्या वर्षांत याच्यावर मी मनातल्या मनात पुष्कळ मलमपट्टी केली आहे — घाई होती, पद्धतच तशी होती, आणि नळी कदाचित टिकलीही असती. पुढच्या भागावर कसलीच पट्टी बसत नाही.

साहेब पुढे म्हणाले, त्यांच्याकडे जनरेटरवरचा एक माणूसही कमी आहे. तुम्ही जा, चीफ. चारपाच दिवसांचा प्रश्न आहे.

मला ती खोली दिसली. जनरेटरची खोली कधी पाहिलीय तुम्ही? दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. इंजिनाचं तापलेलं धुराडं खांद्याला लागेल इतकं जवळ. बाहेर पडायला एक उभी शिडी. आणि त्या नळीची ती ओल. मला माहीत होतं, त्या खोलीत काय होऊ शकतं ते नेमकं माहीत होतं. त्या सबंध बंदरात ते माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो — आणि मी काय केलं?

मी कमरेवर हात ठेवला. सर, पाठ धरली आहे, म्हणालो. वाकताच येत नाही. इनासला पाठवा.

झालं. हेच ते. नळी वाईट आहे हे माहीत असताना ती दिली, तो खोटेपणा होता; पण त्या नळीशेजारी उभं राहायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी दुसरा माणूस पुढे केला. त्याचं नाव मी घेतलं. साहेबांनी नव्हतं घेतलं.

नळी इनासनेच काढली. फडक्यात गुंडाळून खांद्यावर टाकली आणि निघताना विचारलं, "चीफ, ही टेस्ट केलेली ना?"

"हो रे," मी म्हणालो.

"मंग झालं. तुमी जरा पाठीला शेक घ्या."

मी जिन्याशी कण्हत उभा होतो. खोटं कण्हत. तो दिसेनासा झाल्यावरही थोडा वेळ तसाच कण्हत राहिलो, कुणी बघत असेल म्हणून.

आग दुसऱ्या दिवशी लागली. नळीच्या टोकाशी डिझेलचा फवारा उडाला आणि तापलेल्या धुराड्यावर पडला. खोलीत इनास होता आणि त्याच्या सोबत संतोष नावाचा त्या जहाजावरचा एक खलाशी, साताऱ्याकडचा. इनासने त्याला शिडीकडे ओढायचा प्रयत्न केला. दोन्ही हात भाजले त्याचे. संतोष वाचला नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

चौकशी झाली. नळीचं काही उरलंच नव्हतं, जळून काळी पडलेली तार तेवढी. मला विचारलं, नळी तपासलेली होती? मी ताठ उभा राहून हो म्हणालो. आवाज कापला नाही. माझी भीती अशीच आहे, ती मला खोटं बोलताना कधी दगा देत नाही. मग ते इस्पितळात इनासकडे गेले. त्याच्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. तो आपणहून म्हणाला की बसवताना आपल्याकडून नट जास्त आवळला गेला असेल, टोक दुखावलं असेल. कारण चीफने तपासलेली नळी फुटेल कशी? मग चूक बसवणाऱ्याचीच. सगळ्यांना ते पटलं. बसवताना झालेली चूक, असं ठरलं, आणि मला हायसं वाटलं. हो, वाटलं. मी त्या दिवशी जेवलो आणि झोपलो.

त्याला हातांमुळे नोकरी सोडावी लागली. तो पाचूबंदरला परत गेला. बोटं पुरती मिटत नाहीत. भावाच्या बोटीच्या कामात जमेल तेवढं करतो. पण इंजिनाच्या नटाला हात लावत नाही. पाना दुसऱ्याच्या हातात देतो आणि बाजूला होतो. वसईला घर घ्यायचं माझं ठरलं तेव्हा भाव बघायला, कागद बघायला तोच माझ्याबरोबर हिंडला. मी इथे का आलो? त्याच्या जवळ राहून थोडं थोडं फेडता येईल म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. त्याला कधी काही कळलं तर आधी मला कळावं म्हणून मी इथे आलो. पाळत ठेवायला आलो.

आणि घाबरत राहिलो. फोनवर त्याचं नाव आलं की दोनदा वाजू देतो, मग उचलतो. जिन्यात त्याची पावलं ओळखू येतात. सोसायटीत वीज गेली की खाली जनरेटर सुरू होतो आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. बायकोला वाटतं, मला उकडतं. "चीफ, एक विचारू?" असं तो म्हणाला की मी मेलो. आणि तो काय विचारतो? पावसाळ्यानंतर बोट पाण्यात घालतोय, नळ्या जरा बघून द्याल? तुमी बघितल्या म्हंजे मना काळजी नाय. मी जातो. एकेक नळी चार-चार वेळा चाचपतो. तो कौतुकाने बघतो, भावाला म्हणतो, बघ, मानूस असा पाहिजे.

दर वर्षी त्या तारखेला तो चर्चमध्ये संतोषच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवतो. मलाही नेतो. तो गुडघे टेकतो, मी मागच्या बाकावर बसतो. मिस्सेच्या आधी तो फादरपुढे पाप कबूल करायला जातो — कोणतं, ते त्यानेच मला सांगितलंय. नट जास्त आवळल्याचं. माझं पाप तो दर वर्षी कबूल करतो, आणि मी बाहेर त्याच्या चपला सांभाळल्यासारखा थांबतो. एकदा तरी पुढे होऊन सांगावं? प्रत्येक वेळी वाटतं. प्रत्येक वेळी तिथेच थांबतो.

गेल्या महिन्यात तो आला आणि म्हणाला, संतोषची आई अजून आहे, पत्ता मिळालाय, जाऊन पाया पडायचंय. एकट्याची हिंमत नाही. तुमी याल? नाही कसं म्हणायचं? त्याच्या हातांनी लांब गाडी चालवता येत नाही. कामणवरून भिवंडीला बाहेर पडलो आणि पुढे संतोषच्या गावापर्यंत मीच चालवत गेलो. वाटेत तो काय बोलायचं ते घोकत होता. मी रस्त्यावर डोळे लावून होतो. सांगायला सबंध दिवसाची वाट होती, गाडीत आम्ही दोघंच होतो.

म्हातारी दारात बसली होती. इनासने तिच्यापुढे दोन्ही हात पसरले, वाकडी बोटं तशीच.

"आई, तुमचा संतोष माझ्या हातानं गेला. नट मीच जास्त आवळला."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्सं मला वाटायचं, कुनाची चूक न्हाई. तसंच र्‍हाऊ द्यायचं हुतंस रं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. तो ओणवाच राहिला. तेव्हा तिने माझ्याकडे मान वळवली आणि मी कोण ते विचारलं. माझ्याआधी इनासच बोलला.

"हे आमचे चीफ. देवमानूस. माझ्या सोबतीला आले."

म्हातारी भिंतीला धरून उठली. लांबून आलायसा, आत या, म्हणाली — मला. इनासला नाही. तो अंगणात उन्हात उभा राहिला, आणि मी चपला काढून आत गेलो. भिंतीवर संतोषचा गणवेशातला फोटो होता. मी त्याच्याकडे पाठ येईल असा बसलो. तिने चहा आणला. मी तो सगळा प्यायलो.