गेममधल्या बैलांचा पोळा

माझं शिक्षण चौथी पास आहे आणि आजपर्यंत मी नऊ गेम नापास केले आहेत.

नापास म्हणजे लेखी नापास. गेमच्या खाली अभिप्राय लिहायला जागा असते आणि पाच तारे असतात. त्यातला मी एक दाबते, फार तर दोन, आणि खाली कारण लिहिते. कारण न सांगता नापास करणारे मास्तर मला शाळेतही आवडत नव्हते.

हा उद्योग सुरू झाला पाय मोडल्यामुळे. आमच्या गोठ्यात घसरून पडले. गोठ्यात तेव्हा बैल नव्हते, ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या सांडलेल्या तेलावरून पाय गेला. (बैलांमध्ये चाळीस वर्षं वावरले, एकानं कधी ढुशी दिली नाही. बैल विकून ट्रॅक्टर आणला आणि पहिल्याच वर्षी माझं हाड मोडलं!) पायाला प्लास्टर, आणि दिवसभर खाटेवर. माझी नात मोनाली पुण्याला असते. ती भेटायला आली तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाच्या कामात चुका काढत होते. तिनं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी तिचा जुना टॅब माझ्या हातात दिला.

"आजी, हे खेळ. न् चुका याच्यातल्या काढ."

पहिला गेम मिठायांचा. एकसारख्या तीन मिठाया एका रांगेत आणल्या की फुटतात. मी दोनशे पायऱ्या चढले आणि मग लिहिलं : 'मिठाई नुसती फोडायची, खायला एकही मिळत नाही. शुगरवाल्यांसाठी ठीक. दोन तारे.'

दुसऱ्यात एक पोरगं पळतं. उड्या मारतं, वाकतं, पळतच राहतं. चार दिवस पळवलं, पण ते कशासाठी पळतंय हे काही समजेना. 'आधी कारण सांगा, मग पळवा. एक तारा.'

तिसरा बंदुकांचा. शंभर माणसं एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना मारत सुटतात. स्वयंपाकाचं कोणीच बघत नाही! मी एका घरात शिरले, दार लावलं आणि कोपऱ्यात बसून राहिले. बाहेर धडाधड चाललं होतं. शेवटी बघते तर माझा तिसरा नंबर! सत्त्याण्णव बंदूकवाले मेले आणि मी एक गोळी न झाडता तिसरी. आमच्या बुढ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं.

"अव, पन तू खेळली काय त्याच्यात?"

"जिती राह्यली. आनखी काय खेळाचं असते?"

चौथा हॉटेलचा होता. गिऱ्हाईक येतं, मागतं, उशीर झाला की तोंड वाकडं करून निघून जातं. हा मी लगेच बंद केला. हाच गेम मी लग्न झाल्यापासून खेळते आहे, आणि आमच्याकडे तर तोंड वाकडं करणारा निघूनही जात नाही.

मग मोनूनं मला अर्ली ॲक्सेस नावाचा प्रकार दाखवला. म्हणजे गेम पुरता झालेला नसतो, तरी लोकांना देऊन टाकतात. लोक खेळतात, चुका सांगतात, मग ते दुरुस्त करतात. मला आधी रागच आला. कच्ची भाकर ताटात वाढायची आणि वरून विचारायचं, कुठं कच्ची राहिली? पण दोनचार असे गेम खेळले आणि मला ते पक्क्या गेमपेक्षा जास्त आवडले. एकात कोळी पाण्यावरून चालत जात होता. मी लिहिलं : 'हा माणूस बुडायला पाहिजे.' आठ दिवसांत बुडाला! खाली 'धन्यवाद' असंही लिहून आलं. आमच्या घरातला गळका नळ माझ्या सांगण्यावरून कोणी तीन वर्षांत दुरुस्त केला नाही, आणि तिकडे कोण कुठला माणूस माझ्या एका ओळीवर कोळी बुडवतो. मला तर त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

अशातच 'पऱ्हाटी', म्हणजे कपाशी, नावाचा एक अर्धवट गेम दिसला. आपल्याकडच्या शेतीचा. वखरायचं, पेरायचं, बैल जुंपून पिकातलं तण डवरायचं, कापूस वेचायचा. मी चष्मा पुसून बसले आणि तीन दिवसांनी आयुष्यातला सगळ्यात लांब अभिप्राय लिहिला.

'कापूस एकदाच येतो आणि एकदाच वेचून होतो. असं झाड असतं तर आमच्या कमरा अजून सरळ असत्या. वेचणाऱ्या बाईच्या पोटाशी ओटी बांधलेली नाही, मग ती कापूस ठेवते कुठे, कानात? तूर आणि सोयाबीन एकाच दिवशी कापणीला येतात. बैलाचं तोंड कुत्र्यासारखं आहे. हा गेम बनवणाऱ्यानं वावर बसच्या खिडकीतून पाहिलं असावं. एक तारा.'

तासाभरात मोनूचा फोन.

"आजी! 'पऱ्हाटी'ले एक तारा तूनं देल्ला?"

"हो. दोन देनार होती, पन बैल पाह्यला."

"आजी व, तो माहा गेम हाय!"

मोनू पुण्यात दोन मैत्रिणींसोबत गेम बनवते हे मला माहीत होतं. कोणता, ते विचारलं नव्हतं. (तिनं सांगितलंही असेल. मी तेव्हा बेटावर होते.) मी म्हटलं, "तुहा हाय त मंग आनखीनच लाजिरवानं हाय! वावरातली पोरगी तू, न् बैलाले असं तोंड?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तोंड कसं पाह्यजे, सांग."

पोरगी रडली नाही, वही घेऊन बसली. हे मला फार बरं वाटलं. तिला बोलून दाखवलं नाही, ती गोष्ट वेगळी. वर्षभर मी चुका सांगितल्या आणि तिघींनी सुधारल्या. बाईच्या पोटाला ओटी आली, कापूस तीनदा वेचून होऊ लागला, आणि बैल असा झाला की पाहिल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटे.

पण गेम पुरा करायला तिघींना कोणाचा तरी हात पाहिजे होता. मुंबईची एक कंपनी पाहायला तयार झाली. त्यांना पटलं तर गेम पुरा होणार. नाही पटलं तर बंद. माझ्या लेकानं पोरीला सांगूनच ठेवलं होतं, "यंदा झालं त झालं, नाई त हे खेळनं सोडाचं न् नागपूरले नोकरी पाहाची."

मोनूचा फोन आला. "आजी, शुक्रवारी अकरा वाजता मुंबईच्या म्याडमसमोर गेम तूच खेळून दाखव. तुही स्क्रीन त्याइले तिथून दिसन. डवरनी दाखव, तेच सगळ्यात चांगलं झालं हाय."

"शुक्रवारी पोळा हाय."

"मंग काय झालं? बैल कुठी हाईत आपल्याकडे?"

बैल नव्हते, हे खरं. पोरीला मी नाही म्हटलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतन देतात. आमचे बैल गेल्याला दोन वर्षं झाली होती. तरी त्या संध्याकाळी माझ्या हातानं तुपात हळद कालवली. बुढा दारातच बसला होता.

"कोनाले लावतं व? ट्रॅक्टरच्या बोनटले?"

"तुमच्या टाळक्याले!" मी म्हटलं आणि वाटी घेऊन आत आले. उद्याचा सराव करायचा म्हणून टॅब उघडला. समोर जोडी उभी. मीच सुधारून घेतलेली जोडी! मान खाली घातलेली, खांदे माझ्याकडे केलेले.

खोटं कशाला सांगू, मी लावलं.

एका बैलाला लावलं तर दुसऱ्याला कसं ठेवायचं? त्यालाही लावलं. चांगलं चोळून लावलं. आवतनही दिलं. मागून बुढ्याचा आवाज आला, "अव, काच हाय तो!"

मग मी भानावर आले. टॅब पदरानं पुसला. तूप पुसलं की जात नाही, पसरतं. इतकी वर्षं भांडी घासली, मला माहीत नव्हतं असं नाही. बुढा म्हणाला, "राखंनं घास." मी राख आणायला उठलेसुद्धा होते! पण वेळेवर अक्कल आली. ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्यानं पुसलं, पिवळा रंग गेला, आणि मी समजले की झालं.

शुक्रवारी अकरा वाजता मी नवं लुगडं नेसून बसले. मोबाइलवर एका चौकटीत मुंबईच्या म्याडम, दुसऱ्या चौकटीत मोनू. टॅब मांडीवर.

"नमस्कार आजी," म्याडम म्हणाल्या. "तुम्हीच का त्या, एक तारा देणाऱ्या?"

"हो. तवा तेवढीच लायकी होती."

मोनूनं डोळे मिटले. मी शेत दाखवलं, पऱ्हाटी दाखवली, ओटी दाखवली. म्याडम खूश दिसत होत्या. मग म्हणाल्या, "आता बैल जुंपा ना. डवरणी बघू."

मी म्हटलं, "आज नाई जुंपत."

"का?"

"आज पोळा हाय. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नसतात."

"पण आजी, हा गेम आहे."

"गेम हाय म्हनून काय झालं? बैल त बैलच हाय ना!"

म्याडमनी घड्याळाकडे पाहिलं. मोनू हळूच म्हणाली, "आजी, एक डाव जुंप ना व. माह्यासाठी." तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर निघायचा तसा निघाला. मी हट्टी आहे, पण दगड नाही. माझ्या एका नाहीपायी तीन पोरींचं दोन वर्षांचं काम जाणार होतं. मी मनात बैलांची माफी मागितली आणि 'जुंपा' दाबलं.

बोट सटकलं!

'जुंपा'च्या बाजूलाच 'चारा' होतं. बोट घसरत तिकडे गेलं आणि बैल चारा खाऊ लागले. मी पुन्हा दाबलं. पुन्हा सटकलं. पुन्हा चारा! बोट पदराला पुसलं (कालचा तुपकट पदर असता तर कारण तेव्हाच समजलं असतं, पण आज लुगडं नवं होतं) आणि जोर लावून दाबलं. आता तर चाऱ्याचा ढीगच पडला. दारामागून बुढा कुजबुजला, "आज जेवाले बलावलं होतं ना तूनं? जेवून राह्यले ते!"

आठव्यांदा बैल चाऱ्याला लागले तेव्हा म्याडम एकदम पुढे वाकल्या.

"एक मिनिट! म्हणजे पोळ्याच्या दिवशी जुंपायला गेलं, की बैल काम न करता फक्त खातात? असं केलंय तुम्ही?"

मी तोंड उघडलं. मोनूनं माझ्याआधी उघडलं.

"हो म्याडम. आजीची कल्पना हाय." (घाबरली की तिचं पुण्याचं मराठी गळून पडतं.)

"काय सुंदर आहे हे! आणि आजींनी किती छान नाटक केलं, आज जुंपत नाही म्हणून!"

मला आयुष्यात बरेच लोक बरंच काही म्हणाले, नाटकी पहिल्यांदाच कोणी म्हणालं. मी गप्प बसले. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

कंपनीनं गेम घेतला. लेकानं नागपूरच्या नोकरीचं नाव परत काढलं नाही. उलट गावभर सांगत फिरला की पोरीवर त्याचा पहिल्यापासून भरोसा होता. त्या शुक्रवारी संध्याकाळीच मोनूचा फोन आला होता.

"आजी, पन बैल जुंपल्या काहून नाई गेले? आमी असं काईच लिवलं नाई त्याच्यात."

"तूप."

"काय?"

मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की फोन खाली पडल्याचा आवाज आला. पुढे मी जे एक वाटी तुपात केलं, ते कॉम्प्युटरमध्ये करायला शिकल्यासवरलेल्या तीन पोरींना पंधरा दिवस लागले! आता गेम पुरा झाला आहे. पोळ्याच्या दिवशी कोणीही, कुठूनही खेळो, बैल जुंपले जात नाहीत. जुंपायला गेलं की घरातून लुगडं नेसलेली एक बुढी बाहेर येते आणि म्हणते, "हात लावू नोको! आज पोळा हाय." तिचा आवाज माझा आहे. मोनूनं फोनवरच भरून घेतला.

मी आता दुसऱ्यांचे गेम कमी खेळते आणि 'पऱ्हाटी'खालचे अभिप्राय जास्त वाचते. बहुतेकांना गेम आवडला आहे, बुढीही आवडली आहे. परवा मात्र एकानं लिहिलं : 'बाकी समदं झकास. पन बुढी लय बोलते. अशी माह्या घरी हाय. गेममधे तरी तिले बंद कराचं बटन द्या. चार तारे.'

मला जाम राग आला. कोण हा मेला, म्हणून नाव बघायला गेले, तर नाव माझंच! अभिप्राय माझ्याच टॅबवरून गेला होता. बुढा खाटेवर चादर तोंडावर ओढून झोपला होता. चादर हलत होती.

मी भांडणार होते. पण पुन्हा एकदा वाचलं. अभिप्राय मुद्द्याचा होता आणि खाली कारणही दिलं होतं.