पुसलेली सूज

चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्याला सगळे काका म्हणत. अर्जाचा फोटो असो, पासपोर्टचा असो की लग्न जमवायला पाठवायचा, गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की काकांची नजर आधी त्याच्या डोळ्यांखाली जाई. जागरणानं, सर्दीनं, वयानं आलेल्या पिशव्या ते संगणकावर इतक्या अलगद उतरवत की सख्ख्या आईलाही पत्ता लागू नये. पूर्वी हेच काम ते निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं करत. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल.

सल्ला मात्र फुकट असे. "उद्या फोटो काढायचाय ना? मग आज खारट काही खाऊ नका. झोप पुरी घ्या, उशी जरा उंच ठेवा. सकाळी गार पाण्यात भिजवलेला रुमाल दहा मिनिटं डोळ्यांवर. आणि चोळायचे नाहीत हं डोळे!" लोक ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी डोळे खरंच हलके दिसत. त्यामुळे काकांचं मत पक्कं झालं होतं, की डोळे सुजतात ते माणसाच्या हयगयीनं.

बायकोचे डोळे सकाळी सुजलेले दिसू लागले, तेव्हा त्यांनी तिलाही शिस्तच लावली.

ती घरी कपडे शिवायची. "दिवसभर मान मोडून मशीनवर बसतेस, दुसरं काय होणार?" काका म्हणत. "आणि ते वरून मीठ घेणं बंद कर आधी." तिनं मीठ सोडलं. उशी चढवली. रुमालही ठेवून पाहिला. दुपारपर्यंत सूज ओसरे, सकाळी पुन्हा हजर. संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुततात, हेही तिनं एकदा सांगितलं. "वय झालं आता," काका म्हणाले. "माझे पाय काय दुखत नाहीत?" लघवीला फेस येतो हे मग तिनं सांगितलंच नाही. त्यावरही काहीतरी ऐकून घ्यावं लागलं असतं.

शेवटी तिची धाकटी बहीण हाताला धरून तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासण्यांचा अहवाल आला त्या दिवशी काकाही बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"लघवीतून प्रथिनं जाताहेत. किडन्यांचं काम निम्म्यावर आलंय. डोळ्यांना सूज कधीपासून आहे?"

"सहा महिने," काका म्हणाले.

"तीन वर्षं," बायको म्हणाली.

"काहीतरीच काय! तीन वर्षं असती तर मला दिसली नसती? माझा धंदाच तो आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "जुने फोटो असतील ना घरात? घेऊन या. आजार कधी सुरू झाला असावा, याचा थोडा अंदाज येईल."

फोटोंना काय तोटा! काकांनी थेट दुकानात येऊन संगणक उघडला. मुलीच्या लग्नातले, नातू झाला तेव्हाचे, दुकानाला तीस वर्षं झाली त्या दिवशीचे. प्रत्येकात बायको हसत होती, आणि प्रत्येकात तिच्या डोळ्यांखालची कातडी इस्त्री फिरवल्यासारखी गुळगुळीत होती. मूळ फोटो एकही नव्हता. गिऱ्हाइकांचे मूळ फोटो ते वर्षभर जपून ठेवत. घरचे कोण मागायला येणार, म्हणून काम झालं की उडवून टाकत. दोन दिवस काका खणत राहिले. हाती काही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेहुणी दुकानात आली आणि तिनं आपला फोन काउंटरवर ठेवला. "हा घ्या, भाऊजी. तुमच्या मुलीच्या लग्नात मी काढलेला."

तीन वर्षांपूर्वीचा फोटो. बायकोच्या डोळ्यांखाली दोन फुगवटे, पापण्याही जड झालेल्या. काकांनी त्याच दिवसाचा आपला फोटो शोधून शेजारी लावला. साडी तीच, हसू तेच. त्या एका फोटोवर आपला पाऊण तास गेला होता, हे त्यांना तेव्हा आठवलं. एरवी पाच मिनिटांचं काम.

मेहुणी फोन उचलून निघून गेली.

काका घरी आले तेव्हा बायको मशीनवर होती.

"मला खरंच दिसलं नव्हतं गं."

"दिसलं नव्हतं, तर पुसलंत काय?"

"फोटोत चांगली दिसावीस म्हणून..."

"कुणाला?"

तिनं बाही उलटी केली आणि पुढची शिवण घातली.

औषधं सुरू झाली. महिन्याभरात डोळ्यांची सूज उतरली, पायांचीही. पण गेलं ते परत येणार नाही, उरलेलं जपायचं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. "दोन वर्षं आधी आला असतात, तर आज वेगळं बोलले असते मी," असंही म्हणाल्या. ते वाक्य काकांकडे बघून म्हटलेलं नव्हतं. तरी लागायचं तिथं लागलं.

आता दर दोन महिन्यांनी तपासणी असते. ती बहिणीबरोबर जाते. सुरुवातीला काकांनी दोनदा दुकान बंद ठेवून चपला घातल्या होत्या. "राहू द्या," ती म्हणाली, "तुमची गिऱ्हाइकं खोळंबतील." आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता, आणि म्हणूनच समजूत घालायला जागा नव्हती. अहवाल आला की आधी बहिणीला फोन जातो. स्वयंपाकघरातून आकडे अर्धेमुर्धे ऐकू येतात. चांगले की वाईट, ते काकांना समजत नाही.

जेवताना ते विचारतात, "काय म्हणाल्या बाई?"

"चाललंय," ती म्हणते, आणि त्यांच्या ताटात भाजी वाढते.