दोन एप्रिलची चढाई

मानकोलीच्या नाक्यावरून आत वळलं की गोदामांची न संपणारी रांग लागते. त्यातल्या एका गोदामाच्या गेटवर केसरीनाथ सुपरवायझर आहे. गोदामाखालची जमीन त्याच्याच बापजाद्यांची. पूर्वी तो तिथे भात लावायचा, आता तिथेच उभा राहून शिट्टी वाजवत ट्रक मागे घेतो. याला विकास म्हणतात, आणि विकासाला नावं ठेवण्याइतका केसरीनाथ अडाणी नाही.

गेटला एक पांढरा फळा आहे. कंपनीने तो सुरक्षेच्या सूचना लिहायला दिला होता. हेल्मेट घाला, घाई करू नका, घरी कोणीतरी वाट बघतंय, असं सगळं. केसरीनाथने तीन दिवस ते इमानेइतबारे लिहिलं. कोणी वाचलं नाही, हेल्मेट तर कोणी घातलंच नाही. चौथ्या दिवशी त्याने सूचना पुसल्या आणि लिहिलं, 'आजचा क्रीडा दिनविशेष'. त्याला आता अकरा वर्षं झाली. साहेब लोकांनी हरकत घेतली नाही, कारण साहेब लोक मराठी वाचत नाहीत.

तेवीस जुलैला तो खाशाबा जाधवांचं हेलसिंकीतलं ब्राँझपदक लिहितो. पंचवीस जूनला दोन गोष्टी, भारताची पहिली कसोटी आणि त्र्याऐंशीचा विश्वचषक, कारण दोन्ही एकाच तारखेला आणि दोन्ही लॉर्ड्सवर. सहा मेला, एका माणसाने चार मिनिटांच्या आत एक मैल धावून दाखवला. ज्या नाक्यावर एक मैल कापायला पाऊण तास लागतो, तिथे अडकून आलेले ड्रायव्हर हे वाचतात, ज्याला मराठी येत नाही तो दुसऱ्याकडून समजून घेतो, आणि सगळे त्या धावणाऱ्याचा मनापासून हेवा करतात.

केसरीनाथचा एक नियम होता. दोन ठिकाणी पुरावा मिळाल्याशिवाय फळ्यावर काहीही चढवायचं नाही. मोठमोठ्या वाहिन्यांना एक पुरावासुद्धा जड जातो, पण ती मोठी माणसं. केसरीनाथ पडला गेटवरचा माणूस, त्याला असले लाड परवडत नाहीत. याच नियमापायी, साऱ्या जगाचे पराक्रम लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःचा एकुलता एक पराक्रम अकरा वर्षांत एकदाही लिहिता आला नव्हता.

तो पराक्रम घडला दोन एप्रिल दोन हजार अकराला.

गावच्या महादेवाची जत्रा फाल्गुन वद्य चतुर्दशीला असते, आणि जत्रेच्या संध्याकाळी कबड्डीचा अंतिम सामना. तिथी ठरलेली, त्यामुळे समितीचे अध्यक्ष चंद्राशेठ यांनी तारीख बघायचे कष्ट कधीच घेतले नाहीत. त्या वर्षी चतुर्दशी आली दोन एप्रिलला. वानखेडेवर विश्वचषकाची फायनल त्याच दिवशी आहे हे पोरासोरांना महिनोन् महिने ठाऊक होतं. समितीला ते पत्रिका छापून झाल्यावर समजलं. सामना सकाळी घ्या, असं कोणीतरी सुचवलं. "महादेवाचा मान संध्याकाळचा हाय," चंद्राशेठ म्हणाले. "तो काय टीव्हीवाल्यांच्या टायमानं चालायचा?"

तर संध्याकाळी सातला इकडे शिट्टी झाली आणि तिकडे आपली बॅटिंग सुरू झाली. दुसऱ्याच चेंडूवर विकेट गेली. ओरड ऐकून अर्धं मैदान उठून शेजारच्या घरातल्या टीव्हीकडे धावलं, जणू हे जाऊन बसले की गेलेला फलंदाज परत येणार होता. थोड्या वेळाने दुसरी विकेट पडली आणि उरलेलं मैदानही रिकामं झालं. मध्यंतरानंतर प्रेक्षकांत खुर्च्या तेवढ्या राहिल्या. पंचांच्या एका कानाला शिट्टीची दोरी अडकवलेली होती, दुसऱ्या कानात इअरफोन. गुणलेखक राघोने टेबल उचलून थेट त्या टीव्हीवाल्या घराच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

केसरीनाथ तेव्हा अडतीस वर्षांचा. त्याचा तो शेवटचा मोसम, हे गुडघ्यांनी त्याला आधीच कळवलं होतं. शेवटची चढाई त्याची. गुण एकोणीस-एकवीस, म्हणजे गाव दोनने मागे, आणि समोर पाच जण. त्याने एकाच्या छातीला पाय लावला. वळता वळता दुसऱ्याच्या मनगटाला हात लावला. डाव्या कोपऱ्यात भावेश होता, शेजारच्या गावचा, तेव्हा विशीतला. त्याच्या बनियनला बोट लागल्यासारखं वाटलं आणि केसरीनाथ मध्यरेषेवर पालथा पडला. मान वर करून बघतो तर तिघेही मैदानाबाहेर चाललेले, भावेश तर बाद झाल्याचा हात वर करून. तीन गडी! बावीस-एकवीस! त्याने दोन्ही हात उंच केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो टीव्हीपुढे झाला होता. तिकडे कोणीतरी चौकार मारला होता.

दुसऱ्या दिवशी समिती बसली, विश्वचषकाच्या आनंदाने अजून तारवटलेली. राघोची वही उघडली. एकोणीस-एकवीसच्या पुढे त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'दोन बाद पासष्ट'. पंच म्हणाले, दोन होते की तीन, शपथेवर नाही सांगता येणार. शेवटी चंद्राशेठांनी निकाल दिला. सामना बरोबरीत, चषक विभागून, सहा महिने इथे, सहा महिने तिथे. चषक आधी शेजारच्या गावी गेला. त्यांचे सहा महिने अजून चालू आहेत.

त्या दिवसापासून केसरीनाथने चंद्राशेठांशी बोलणं टाकलं. चौदा वर्षं. लग्नाच्या पंगतीत पान शेजारी आलं तर हा उपाशी उठायचा, पण मीठ मागायचा नाही. दर दोन एप्रिलला तो फळ्यावर विश्वचषक लिहायचा आणि त्याखाली तीन बोटं जागा कोरी सोडायचा.

यंदा मात्र गाडं अडलं. कंपनीने कळवलं की येत्या सोमवारपासून फळा निघणार आणि त्या जागी पडदा लागणार. त्यावर हेल्मेट घातलेली एक हसरी बाई दिवसभर सुरक्षेविषयी बोलेल. म्हणजे हा शेवटचा दोन एप्रिल.

"बाबा, आज लिहाच तुमचं," त्याची मुलगी मृणाली डबा भरता भरता म्हणाली.

"पुरावा न्हाय, बाय."

"तिघं बाहेर जाताना तुम्ही बघितलेत ना? आता तुमच्यावर केस कोण टाकणार हाय? ती हेल्मेटवाली?"

केसरीनाथ गेटवर गेला. विश्वचषक लिहून झाला. कोऱ्या जागेपुढे तो पाच मिनिटं उभा राहिला, मागे दोन ट्रक भोंगे वाजवत होते. मग त्याने लिहिलं, 'याच संध्याकाळी आपल्या गावच्या कबड्डी स्पर्धेत केसरीनाथ यांनी शेवटच्या चढाईत तीन गडी बाद करून सामना एका गुणाने जिंकला.' लिहून झाल्यावर त्याला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम.

अकराच्या सुमारास एक पांढरी मोठी गाडी गेटवर थांबली. काच खाली आली. आत भावेश. आता त्याचे स्वतःचे आठ ट्रक या गोदामाला लागतात, आणि पोट स्टिअरिंगला लागतं. कोपरा सांभाळणारा हाच का तो, असा प्रश्न पडावा. त्याने फळा वाचला आणि हसत हसत खाली उतरला.

"केसरीदादा! ही ती रेड ना रं? मना आठवते की!"

चौदा वर्षांनी साक्षीदार आपल्या पायांनी गेटवर आला होता, तोही समोरच्या संघाचा. याहून पक्का पुरावा कुठल्या पुस्तकात मिळाला असता? त्याने आत शिरू पाहणाऱ्या आजमगढच्या ड्रायव्हरला हातानेच थांबवलं. "रुको, भैया. सुनो ये साहब क्या बोलते हैं."

"काय रेड होती!" भावेश म्हणाला. "आमच्या पक्याला छातीवर लात घातलीस तू. दुसऱ्याच्या मनगटाला हात."

"नि तिसरा तू," केसरीनाथ म्हणाला. "बनियनला बोट लागलं माझं."

"मना?" भावेश खदखदून हसला. "मना तू कुठं शिवलास? तुझ्या नि माझ्यात हातभर अंतर. अरे, तवा तिकडं वानखेडेवर आपली पार्टनरशिप जमली होती, आनि आमचा कॅप्टन सोडीना. तू रेडला आयलास, मी म्हटलं हाच चानस हाय. केला हात वर नि जेलो टीव्हीकडं." त्याने केसरीनाथच्या पाठीवर थाप मारली. "लिही पन तू. तीनच लिही. आता कोन बघतंय?"

गाडी आत निघून गेली. भावेशला आपण काही विशेष बोललो असं वाटलंही नसावं.

केसरीनाथने उजव्या हाताचं ते बोट बघितलं. चौदा वर्षं त्या बोटाला बनियन आठवत होता. त्याला वाईट वाटलं. रडू यावं इतकं वाईट वाटलं, आणि बावन्नाव्या वर्षी गोदामाच्या गेटवर रडायची सोय नसते म्हणून तो नुसता उभा राहिला. दोन गडी म्हणजे एकवीस-एकवीस. म्हणजे न बघता, न मोजता, डोळ्यांवर झोप असताना त्या चंद्राशेठने दिलेला निकाल अगदी बरोबर होता. देशभरच्या न्यायालयांनी जळावं असा न्याय.

लिहिलेलं तसंच ठेवता आलं असतं. सोमवारी फळा जाणारच होता, आणि साक्षीदाराने स्वतः परवानगी दिली होती. केसरीनाथने फडकं घेतलं. 'तीन' पुसून 'दोन' लिहिलं. शेवटही पुसला आणि लिहिलं, 'सामना बरोबरीत. चषक विभागून.' अक्षर वाकडं आलं म्हणून ते पुसून पुन्हा लिहिलं.

आजमगढचा ड्रायव्हर अजून तिथेच होता. त्याने हे सगळं बघितलं होतं आणि त्याला त्यातलं निम्मंच कळलं होतं.

"चाचा, फिर आखिर में जीता कौन?"

"इंडिया," केसरीनाथ म्हणाला, आणि त्याने गेट उघडलं.